मंगळवारी आलेला पावणा

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक आप्पांनी मला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्नाचं काय तेही विचारलं नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहून त्यांनी एवढंच विचारलं, "दोन्ही हात धड हायत न्हवं?"

माझ्याबरोबर माझा मोठा भाऊ होता. आम्ही शाहूवाडीकडची माणसं, भात लावणारी. भावाचं डोकं एसटीच्या प्रवासानं आधीच तापलेलं. "म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

"म्हंजी मनगट दुखत न्हाय, बोटं आखडत न्हाईत, असं. आणि सांजचं सात ते आठ मोकळी असतीस का गं, पोरी?"

भावानं माझी पिशवी उचलली आणि "चल" म्हणाला. तेव्हा आप्पांनी आपला डावा हात वर केला. शेवटची दोन बोटं नव्हती. "पावणं, रागाला येऊ नका. माझं हे असं हाय, म्हणून दुसऱ्याचं इचारतोय." यातून काहीच उलगडलं नाही, पण भाऊ वरमला. शिवाय मी ज्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागणार होते ते तिथून चालत दहा मिनिटांवर होतं, आणि समोरच्या काकूंनी आपल्या उंबऱ्यावरून ओरडून ग्वाही दिली, "घे गं बाई खोली. म्हातारं येडं हाय, पण वाईट न्हाय." मी खोली घेतली आणि तीन वर्षं त्या माडीवर राहिले.

घर कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या अंगाला होतं. दिवसभर लेथची करकर, ओतकामाच्या भट्टीचा वास, आणि सहा वाजले की एकदम शांतता. पहिल्याच संध्याकाळी सातच्या ठोक्याला खालून हाक आली, "मास्तरीणबाई, खाली या की!" काकू समोर उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेल्या दिसल्या, म्हणून गेले. नाहीतर गेले नसते.

जुन्या टीव्हीसमोर दोन स्टुलं होती. मध्ये टेबलावर टॉवेलानं झाकलेलं काहीतरी. आप्पांनी टॉवेल काढला. लेथ मशीनला असतो तसल्या हिरव्या रंगाची, विटेच्या दुप्पट आकाराची एक पेटी. वर ठसठशीत उठावाची अक्षरं: जोडी. पेटीतून दोन जाड वायरी निघालेल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला धातूचीच एक मूठ.

"पंप आहे का हा?" मी विचारलं.

"व्हिडिओ गेम हाय."

मी हसले. आप्पा हसले नाहीत. "उचलून बघ," म्हणाले. उचलला, तर मनगट खाली गेलं. सगळं अंग ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं. जगात असले खेळ प्लॅस्टिकच्या डब्यात यायचे तेव्हा आप्पांनी हा ओतून काढला होता. का, तर प्लॅस्टिकचा साचा करणारं गल्लीत कोणी नव्हतं, आणि ओतकाम करणारे चौदा होते. "हातातनं पडला तर फरशी फुटंल, गेम न्हाय," हे त्यांचं वाक्य मी पुढं शेकडो वेळा ऐकलं. फरशी फुटलेली मी स्वतः बघितली आहे.

पण जोडीची खरी खोड वजनाची नव्हती. प्रत्येक मुठीच्या पोटाशी एक खटका होता आणि तो दाबून धरावा लागे. दोन्ही मुठींचे खटके दाबलेले असले तरच खेळ चाले. एक सुटला की चित्र जागच्या जागी थांबलं. मूठ एवढी जड की ती धरून वरची बटणं मारायला दोन्ही हात लागायचे. म्हणजे दोन माणसं पाहिजेतच. एकट्या माणसाला जोडी चालूच करता यायची नाही.

ही अक्कल आप्पांना प्रेस मशीननं शिकवली होती. तरुणपणी ते पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होते आणि तिथंच बोटं गेली. नंतर त्या मशीनला दोन बटणं बसवली. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली यायचाच नाही, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. "दोन बटणांनी माणसाची बोटं वाचत्यात," आप्पा म्हणायचे, "मग दोन मुठींनी माणूस का न्हाय वाचणार?" माणूस कशापासून वाचवायचा होता, ते मी तेव्हा विचारलं नाही.

खेळ एकच होता. पुरात बुडणारं गाव, मध्ये नदी, आणि चार ठिपक्यांची एक नाव. डावं वल्हं एका मुठीवर, उजवं दुसरीवर. दोघांनी मिळून वल्हवायचं आणि अकरा माणसं एकेक करून पलीकडं न्यायची. शेवटी एका छपरावर एक शेळी उरायची. तोवर पाणी इतकं चढलेलं असे की तीन वर्षांत ती शेळी आमच्याच्यानं एकदाही वाचली नाही. आप्पा डावं वल्हं मारत, मी उजवं. "उजवं मार की! फिजिक्स शिकवतीस का भूगोल?" असा ओरडा चालायचा. सुरुवातीला मला वाटायचं, म्हाताऱ्याच्या समाधानासाठी मी तास घालवते आहे. खरं सांगायचं तर त्या शहरात दिवसभरात मला आपुलकीनं हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं. सात वाजायच्या आधीच मी चप्पल घालून बसलेली असायची.

आता मंगळवारचं सांगते. त्याशिवाय आप्पा कळायचे नाहीत.

एकदा मी माडीवर पडून मोबाइलवर कसलातरी खेळ खेळत होते. आप्पा पाण्याची टाकी बघायला वर आले होते. थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सगळा खेळ एका अंगठ्यात बसतोय व्हय गं? मंगळवारात असलं काय निघालंच न्हाय."

"कुठल्या मंगळवारात?"

"पावणा मंगळवारी आला न्हवं, त्यात."

आणि मग ते खाटेच्या कडेला बसून सांगू लागले. मुंबईचा एक मोठा व्यापारी जोडी बघायला मंगळवारी कोल्हापुरात आला. आप्पांच्या जोडीदारानं, म्हणजे ज्यानं मशीनच्या आतलं सगळं डोकं बनवलं त्या टीव्ही दुरुस्तीवाल्या मित्रानं, पावण्याच्या हातात मूठ दिली. पावण्यानं आधी नाव बुडवली, मग चिडला, मग हसायला लागला, आणि जेवण थंड झालं तरी स्टुलावरनं उठेना. पुढच्या दिवाळीला जोडी घरोघरी. उद्यमनगरातल्या भट्ट्या तीन पाळ्यांत चालू. कागलकडं मोठा कारखाना. ओतकाम शिकायला जपानी माणसं आली आणि मिसळ खाऊन रडली. मुलगी बघायला गेल्यावर पोहे नंतर, आधी दोघांना स्टुलावर बसवून नाव वल्हवायला लावायची पद्धत पडली. नाव फिरली तर स्थळ मोडलं. निवडणुकीत दोन उमेदवारांनी गावासमोर एकत्र नाव पलीकडं न्यायची, मगच अर्ज घ्यायचा. "लई जणांची अनामत तितंच बुडाली," आप्पा गंभीरपणे म्हणाले.

मी पोट धरून हसले. मग विचारलं, "आणि खरं काय झालं?"

आप्पा टाकीकडं गेले.

खरं काय झालं ते काकूंनी सांगितलं. "कुठला मंगळवार न् काय. सोमवारी आलता त्यो पावणा."

सोमवारी उद्यमनगरला सुट्टी असते, कारण त्या दिवशी तिथली वीज बंद. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी आप्पांनी आपल्या हातानं पत्र लिहून पावण्याला सोमवारीच बोलावलं. कारण सोमवारी काम नाही, म्हणजे त्याला नीट जेवू घालता येईल! पुरणपोळी, कटाची आमटी, सगळा बेत ठरवला. मशीनला वीज लागते एवढंच कोणाच्या ध्यानात आलं नाही. पावणा आला. चार पोळ्या खाल्ल्या. आणि मग काळ्या टीव्हीसमोर ती जड पेटी हातात घेऊन बसला. खेळ दिसलाच नाही. दिसली ती फक्त भानगड. "दुसरा खटका काढून टाका," तो म्हणाला. "एकट्याला खेळता येऊ दे. मग सगळा माल मी उचलतो." जोडीदार म्हणाला, आप्पा, काढूया की. आप्पा म्हणाले, मग ते आपलं मशीन न्हाय. दोघांचं तिथंच बिनसलं. महिन्याभरात जोडीदार नोकरी धरून बेंगळुरूला गेला, तो परत आला नाही की त्याचं पत्र आलं नाही. गोदामातल्या पेट्या पुन्हा भट्टीत गेल्या आणि पंपाचे भाग होऊन कुठल्या कुठल्या विहिरींवर बसल्या. एक तेवढी राहिली.

"मग कोण खेळायचं आप्पांबरोबर?" मी विचारलं.

"बायको हुती तवर ती. मग भाडेकरू. म्हणून तर हात बघून घेत्यात," काकू म्हणाल्या.

त्यानंतर मंगळवार हा आमचा नेहमीचा विषय झाला. मीच उकरून काढायची. मंगळवारात आमच्या कॉलेजचं काय? रंकाळ्याचं काय? आप्पांकडं उत्तर तयार असे. पण या माणसाचा एक नियम होता, आणि त्या नियमामुळं मी त्यांना मनापासून मानू लागले. ते मंगळवारातही लबाडी करत नसत. एकदा मी सहज बोलून गेले की तिथं तुमची बोटं असतील की शाबूत. आप्पा म्हणाले, "कशी असतील? बोटं आधी गेली, पावणा मागनं आला." आणि बायको? मला विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. त्यांनी मुठीवरची धूळ पुसली. "ती मंगळवारातबी गेली," म्हणाले. "खेळाचा आणि काविळीचा काय संबंध?"

सगळं जग बदलून टाकलं होतं या माणसानं, जपान्यांना मिसळ खायला घातली होती, पण स्वतःसाठी त्यातून काय घेतलं होतं? बंगला नाही, गाडी नाही. त्या मंगळवारातही ते याच घरात राहत. एकच गोष्ट वेगळी होती. जोडीदार समोरच्या गल्लीत राहायचा आणि रोज सकाळी चहाला येऊन भांडायचा. कशावरून भांडायचा हेसुद्धा आप्पांना पाठ होतं. "आज म्हणत हुता, शेळीचं छप्पर जरा उंच करूया. म्हटलं, मग पुराला काय अर्थ?" असं एखाद्या दिवशी ते सहज सांगायचे, आणि मला उगाच रडायला यायचं.

तिसऱ्या वर्षी मला नाशिकला कायमची नोकरी मिळाली. घरी सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. आप्पांना सांगायला मात्र मी तीन आठवडे लावले. शेवटी खेळता खेळताच सांगितलं. त्यांच्या हातातला खटका सुटला आणि चित्र थांबलं. "कायमची का?" त्यांनी विचारलं. मी व्हय म्हटलं. "चांगलं झालं की," म्हणाले आणि खटका पुन्हा दाबला.

नंतरच्या दिवसांत खोली बघायला माणसं येऊ लागली. एका जोडप्याला सात वाजता क्लास असायचा. एका बाईंनी हातांचा प्रश्न ऐकून पोलिसांचं नाव काढलं. एकजण दोन संध्याकाळ बसला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आप्पा, याचं ॲप हाय का?" आप्पा प्रत्येक वेळी माझ्याकडं बघायचे. रागानं नाही. बघायचे नुसते. मी गेल्यावर सात वाजता हा माणूस काय करणार, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. आणि त्या विचारातून मी तो शहाणपणा केला, ज्याची मला अजून लाज वाटते.

"दुसऱ्या मुठीची वायर सैल झालीय, लॅबमध्ये सोल्डर करून आणते," असं सांगून मी ती मूठ कॉलेजात नेली. आतला खटका उघडला, दोन टोकं एका तारेच्या तुकड्यानं जोडून टाकली. आता तो खटका कायमचा दाबलेला राहणार होता. मशीनला वाटणार होतं, दुसरा माणूस बसलाय. एकदा नाव वल्हवून पाहिली असती तर बरं झालं असतं. मी घरी आणून लावली, आप्पा बाहेर गेलेले असताना चालू करून बघितली, चित्र उजळलं, आणि मी बंद केली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

जायच्या आदल्या दिवशी सात वाजता मी खाली गेले आणि माझ्या स्टुलावर बसले नाही. "आप्पा, आज तुम्ही एकट्यानं चालू करा," म्हटलं.

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. त्यांनी आपली मूठ धरली, खटका दाबला. दुसरी मूठ टेबलावर नुसती पडलेली. आणि चित्र आलं. नदी, गाव, नाव. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग टीव्हीकडं. डावं वल्हं मारलं.

नाव फिरली. पुन्हा मारलं, पुन्हा फिरली. उजवं वल्हं मारायला कोणी नव्हतं, तर दुसरं काय होणार? दरवर्षी अकरावीच्या पोरांना फळ्यावर बाण काढून हेच शिकवणारी मी, आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नाव त्याच जागी गोल गोल फिरत राहिली आणि पाणी चढत गेलं. आप्पा थांबले नाहीत. अकराही माणसं बुडेपर्यंत ते डावं वल्हं मारत राहिले.

मग त्यांनी मूठ खाली ठेवली. आवाज चढवला नाही. कोल्हापूरच्या माणसानं आवाज चढवला नाही की समजावं, आत फार लागलंय.

"त्यो पावणा हेच म्हणत हुता," ते म्हणाले. "आणि जोडीदारबी. तुला म्हाईत हुतं की गं सगळं."

"आप्पा, तुम्ही एकटे पडाल म्हणून…"

"एकटा पडीन म्हणून एकट्याची सोय केलीस. म्हंजी तू परत येणार न्हाईस, हे तुझं ठरलंय." आणि टीव्ही बंद करत म्हणाले, "तूबी सोमवारचीच निघालीस."

मी वर जाऊन रडले. खाली स्क्रू ड्रायव्हरचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी ते स्टँडवर सोडायला आले. गाडी सुटताना खिडकीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जड गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "जपून ने," एवढंच म्हणाले. वजनावरून वाटलं, गुळाची ढेप असेल. साताऱ्याच्या पुढं मी कागद सोडला. आत दुसरी मूठ होती, वायरीसकट. मी घातलेला तारेचा तुकडा काढलेला होता आणि खटका पुन्हा पहिल्यासारखा कटकट वाजत होता.

पोचल्यावर फोन केला. "आप्पा, हे काय? आता मशीन चालणार कसं?"

"बंद हाय," ते म्हणाले. "आणून दे कवातरी."

पुढं दर आठ-पंधरा दिवसांनी फोन व्हायचा. नवा भाडेकरू आला होता. "हात कसे आहेत?" मी विचारायची. "हात चांगलं हायत. मूठच न्हाय तर काय करणार?" यात तक्रार नसायची. उलट मला तर वाटायचं, त्यांना बरं वाटतंय. आपली वस्तू दुसऱ्याकडं अडकलीय, म्हणजे त्याला यावंच लागणार, असा त्यांचा हिशेब होता. मीही म्हणायची, मे महिन्यात येते. मे महिन्यात बोर्डाचे पेपर तपासायला आले. मग म्हटलं, जूनमध्ये. जूनमध्ये भावाच्या घराची वास्तुशांत. गणपतीला नक्की, असं मी म्हटलं तेव्हा आप्पा म्हणाले, "ये की. घाई न्हाय. शेळी कुठं जातीय?"

श्रावणात काकूंचा फोन आला. "आप्पा गेलं गं," त्या म्हणाल्या. सकाळी चहा ठेवता ठेवता झटका आला आणि तिथंच.

मी गेले. मूठ पिशवीत घालून नेली. काकूंनी पेटी आपल्या घरी आणून ठेवली होती, टॉवेलानं झाकून. "सात वाजले की म्हातारं टीव्ही लावून बसायचं," त्या म्हणाल्या. "चित्र न्हाय, काय न्हाय. नुसती आपली मूठ धरून. मी म्हटलं, आप्पा, काय बघताय? तर म्हणालं, मास्तरीणबाई मे महिन्यात येणार हाय, हात मोकळा ठेवाय पाहिजे." काकूंनी हे मला टोचायला सांगितलं नाही. पण मी त्यांच्या तोंडाकडं बघू शकले नाही.

आता ती पेटी नाशिकला माझ्या घरी आहे, दोन्ही मुठींसकट. संध्याकाळी सातला मी बहुतेक एकटीच असते. पेटी चालू करायचा प्रयत्न मी केलेला नाही.

माझाही एक मंगळवार आहे. त्यात लबाडी नाही. आप्पांचा नियम मी मोडत नाही. त्यात ते श्रावणात जातातच. खेळाचा आणि झटक्याचा काय संबंध? पण त्यात मी मे महिन्यात येऊन गेलेली असते. पेपर तसेच टाकून रात्रीची गाडी पकडलेली असते. दोन स्टुलं मांडलेली असतात. आप्पा डावं मारतात, मी उजवं, आणि ते ओरडतात, "भूगोल शिकवतीस काय अजून?" आम्ही अकराही माणसं पलीकडं नेतो. शेळी मात्र राहते. उगाच खोटं कशाला?

मग आप्पा विचारतात, "आता परत कवा?" आणि मी माझी मूठ पुन्हा पिशवीत घालते.